पदवीचा विषय: इतर

संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा अर्ज ऑनलाइन भरताना ‘पदवीचा विषय’ या रकान्यावर टिचकी मारली की एक यादी उघडते. संगणक अभियांत्रिकी, माहिती तंत्रज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स, गणित, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र. आणि सगळ्यात खाली ‘इतर’. माझी पहिली पदवी साहित्याची, दुसरी ग्रंथालयशास्त्राची आणि नोकरी तालिकीकरणाची. म्हणजे पुस्तक हातात आलं की त्याचा लेखक, शीर्षक, आवृत्ती, विषय नोंदवायचे आणि ती नोंद आधीच्या लाखो नोंदींमध्ये नीट बसवायची. तेव्हा ‘इतर’.

‘इतर’ मंडळींना सल्ले भरपूर मिळतात. त्यांतला सगळ्यांचा लाडका सल्ला म्हणजे ‘तुझी गोष्ट सांग’. पहिला प्रोग्रॅम चालला तेव्हा अंगावर काटा कसा आला, नोकरीवरून परतल्यावर रात्री जागून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा कशी शिकले, आयुष्याला वळण कसं लागलं. मला हा सल्ला पटत नाही. अर्ज वाचणारी व्यक्ती बहुधा प्राध्यापक असते. स्वतःचं संशोधन, शिकवणं, उत्तरपत्रिका हे सगळं सांभाळून ती अर्जांचा ढीग उपसत असते. तिला दोन धास्त्या असतात. हा उमेदवार पहिल्याच सत्रात गटांगळ्या खाईल का, आणि इथे येऊन त्याला नेमकं करायचंय काय? अंगावरचा काटा यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. उलट नवीच शंका उभी करतो: याला विषय आवडलाय की विषयात शिरण्याचा प्रसंग आवडलाय?

सल्ल्यापाठोपाठ दिलासा येतो, तो थोरामोठ्यांच्या नावांचा. टोनी होअर ऑक्सफर्डमध्ये ग्रीक-लॅटिन आणि तत्त्वज्ञान शिकले, १९५६ साली पदवी घेतली आणि १९८० साली संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळवला. फ्रान्सेस अ‍ॅलन यांना व्हायचं होतं गणिताची शिक्षिका. शिक्षणाचं कर्ज फेडण्यापुरती म्हणून १९५७ साली त्यांनी आयबीएममध्ये नोकरी धरली आणि तिथेच कंपायलरवर, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमवर, पायाभूत काम केलं. ट्युरिंग पुरस्कार मिळवलेल्या बार्बरा लिस्कोव्ह यांची पदवी गणिताची, प्रोग्रॅमिंग त्या नोकरीत शिकल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेतले जेफ्री हिंटन केंब्रिजचे मानसशास्त्राचे पदवीधर. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रांचा किस्सा तर प्रसिद्धच आहे. १९५७ साली लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय म्हणून ‘प्रोग्रॅमर’ लिहायला सांगितलं, असला काही व्यवसाय नसतो म्हणून नगरपालिकेने ते नाकारलं, आणि शेवटी कागदावर ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ असं लागलं.

ही यादी मीही तोंडपाठ केली होती. पण तिच्याकडे जरा रोखून पाहिलं की दिलासा अर्ध्यावर येतो. अमेरिकेतला पहिला संगणकशास्त्र विभाग पर्ड्यू विद्यापीठात सुरू झाला तो १९६२ साली. त्याआधी या विषयात आलेला प्रत्येक माणूस दुसरीकडूनच आला होता, कारण ‘इकडचं’ असं काही नव्हतंच. पदवीच नव्हती तर ती नसल्याची अडचण कुणाला होणार? आज आपल्या आधी रांगेत चार वर्षं हाच विषय शिकलेली मुलं उभी आहेत. दुसरं म्हणजे, ही मंडळी येताना काय घेऊन आली तेही बघावं. लिस्कोव्ह आणि अ‍ॅलन यांच्याकडे गणित होतं, डाइक्स्ट्रांकडे भौतिकशास्त्र. होअर यांनी पदवीनंतर संख्याशास्त्र शिकून घेतलं. हिंटन यांच्याकडे एक प्रश्न होता, मेंदू शिकतो कसा हा, आणि तो प्रश्न घेऊनच ते एडिंबरोला गेले. १९७८ साली त्यांची पीएचडी झाली ती कृत्रिम बुद्धिमत्तेत. म्हणजे कुणी गणित आणलं, कुणी प्रश्न. नुसती ‘वेगळी पार्श्वभूमी’ घेऊन आलेलं मला त्या यादीत कुणी दिसलं नाही.

गणितापासून सुरुवात करते, कारण खरी कुस्ती तिथेच झाली.

बाहेरून येणारे बहुतेक जण आधी कोडिंग शिकतात. ते साहजिक आहे. चार ओळी लिहिल्या की पडद्यावर काहीतरी हलतं. वेबसाइट होते, छोटं अ‍ॅप होतं, गिटहब या प्रोग्रॅम ठेवायच्या संकेतस्थळावर रोजच्या कामाचे हिरवे चौकोन भरायला लागतात. नोकरीसाठी याचा उपयोग असेलही. प्रवेश समितीपुढे मात्र त्याचं वजन फार नसतं. प्रोग्रॅम लिहिता येणं त्यांनी गृहीतच धरलेलं असतं. त्यांची नजर जाते ती डिस्क्रीट मॅथ (सुट्या, मोजता येणाऱ्या गोष्टींचं गणित), डेटा स्ट्रक्चर, अल्गोरिदम, रेषीय बीजगणित, संभाव्यता, संगणकाची रचना, ऑपरेटिंग सिस्टिम या नावांवर, आणि प्रत्येकासमोरच्या श्रेणीवर. अल्गोरिदमचा पदव्युत्तर वर्ग पहिल्या तासापासून सिद्धता मागतो. तिथे ‘चालवून बघितलं, चाललं’ हे उत्तर होत नाही.

साहित्य शिकलेल्या माणसाला सिद्धता अवघड जाते, हे अर्धसत्य आहे. युक्तिवाद वाचायची सवय आम्हाला असतेच. अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. आमच्या निबंधात तीन चांगले दाखले दिले की मुद्दा उभा राहतो. इथे तीन हजार दाखल्यांनीही काही सिद्ध होत नाही, आणि एक उलटा दाखला सगळं पाडतो. सिद्धता देण्याची इंडक्शन ही पद्धत पहिल्यांदा शिकताना मला ती लबाडी वाटली होती. जे सिद्ध करायचंय तेच ‘समजा’ म्हणून हातात घ्यायचं, हा कुठला न्याय? मग हळूहळू लक्षात आलं की आपण एका पायरीपुरतं समजतोय आणि पुढच्या पायरीला पोचल्याचं दाखवतोय. पहिली पायरी वेगळी, हाताने बांधलेली आहे. हे डोक्यात बसलं आणि रिकर्शन, म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःलाच पुन्हा बोलावणं, आपोआप सुटलं, कारण दोन्हींचा सांगाडा एकच आहे. मी कोडिंगच्या बाजूने रिकर्शनला कित्येक महिने भिडत होते, ते गणिताच्या बाजूने एका संध्याकाळी मऊ पडलं. म्हणून आता कुणी विचारलं की कुठून सुरू करू, तर मी डिस्क्रीट मॅथ म्हणते. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. पडू दे.

हे शिकायचं कुठे, हाही प्रश्न आहे. एमआयटीने आपलं शिकवण्याचं साहित्य इंटरनेटवर खुलं करायचं ठरवलं ते २००१ साली; तेव्हापासून शिकण्याला तोटा नाही. पण शिकणं आणि शिकल्याचा पुरावा या दोन गोष्टी प्रवेशाच्या टेबलावर वेगळ्या होतात. ऑनलाइन अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र उत्साह दाखवतं. विद्यापीठात रीतसर नाव घालून, इतर विद्यार्थ्यांबरोबर परीक्षा देऊन मिळवलेली श्रेणी पहिल्या धास्तीचं थेट उत्तर देते. पदवीला प्रवेश न घेता सुटे विषय घेऊ देणारी विद्यापीठं असतात. मी तो मार्ग धरला आणि नोकरीनंतरच्या वर्गांना बसले. शेजारच्या बाकावरची मुलं मला ‘मॅडम’ म्हणायची आणि मग माझ्याच वहीत डोकावून गृहपाठ ताडून बघायची.

इथे एक खंत नोंदवून ठेवते. जीआरई या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या अमेरिकी परीक्षेत संगणकशास्त्राची स्वतंत्र विषय-परीक्षा पूर्वी होती. २०१३ सालच्या एप्रिलनंतर ती बंद झाली. इतर विषयांच्या परीक्षाही एकेक करून मिटत गेल्या. मोठ्या परीक्षांवरची टीका मला मान्य आहे. पण बाहेरच्या माणसाला ‘मी कुठूनही आलेली असेन, हा विषय मला येतो’ असं एका दिवसात सांगायची जी एक सोय होती, ती गेली. आता तेच सांगायला दोनेक वर्षांची गुणपत्रिका लागते, आणि ती वर्षं, ती फी सगळ्यांनाच परवडत नाही.

आता प्रश्नाकडे येते. तो मला शोधावा लागला नाही, तो रोजच्या कामात पडून होता. तालिकेत एकाच माणसाची नावं दहा तऱ्हांनी येतात. चायकोव्हस्की, त्चायकोव्स्की, चैकोव्स्की. कुठे आडनाव आधी, कुठे आद्याक्षरं, कुठे पित्याचं नाव मधे. वाचकाने एक नाव शोधलं की सगळी पुस्तकं सापडायला हवीत. उलट बाजूने, एकाच नावाची दोन माणसं असतात, एक कवी आणि एक भूगर्भशास्त्रज्ञ. त्यांची सरमिसळ होता कामा नये. हे आम्ही नजरेने करायचो. जन्मसाल बघा, प्रकाशक बघा, विषय बघा, संशय आला तर पुस्तक मागवून मलपृष्ठ वाचा. माझ्या लेखी ही कारकुनी होती. चोख केलेली, पण कारकुनीच.

मग कळलं की या कारकुनीवर मोठं शास्त्र उभं आहे. त्याला रेकॉर्ड लिंकेज म्हणतात आणि हे नाव १९४६ सालच्या हॅल्बर्ट डन यांच्या लेखातून रूढ झालं. डन यांची कल्पना अशी, की प्रत्येक माणूस जन्मापासून मृत्यूपर्यंत एक ग्रंथ घडवत असतो; त्याची पानं निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरलेली असतात, आणि ती गोळा करून एका बांधणीत आणायची हे काम. तालिकाकाराने हे वाचल्यावर काय होतं ते सांगायला नको. पुढे १९६९ साली आयव्हन फेलेगी आणि अ‍ॅलन संटर यांनी त्याचं गणित मांडलं. दोन नोंदींतला प्रत्येक तपशील जुळतो की नाही ते बघायचं, त्या जुळण्याला त्याच्या वजनाप्रमाणे गुण द्यायचे, आणि एकूण गुणांवरून ठरवायचं: एकच माणूस, वेगळी माणसं, किंवा ‘डोळ्याखालून घाला’. हा तिसरा गट वाचून मी हसले. त्या ‘डोळ्याखालून घाला’मधले डोळे इतकी वर्षं माझे होते.

नुसत्या आकड्यांनीही हा प्रश्न किती मोठा आहे ते कळतं. तालिकेत १० लाख नोंदी असतील आणि प्रत्येक नोंद प्रत्येकीशी ताडायची म्हटलं तर सुमारे ५०,००० कोटी जोड्या होतात. संगणकाने सेकंदाला १ लाख जोड्या तपासल्या तरी जवळपास ५८ दिवस लागतील. म्हणून आधी नोंदींचे गट पाडतात आणि गटाच्या आतच तुलना करतात. याला ब्लॉकिंग म्हणतात. गट कशावरून पाडायचे? आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून पाडले तर ‘च’मधला चायकोव्हस्की ‘त’मधल्या त्चायकोव्स्कीला कधीच भेटणार नाही. उच्चारावरून पाडायचे, तर रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली पेटंट घेतलेली साउंडेक्स ही पद्धत आहे. पण ती पहिलं अक्षर तसंच ठेवते, म्हणजे आमचा संगीतकार तिथेही दोन गटांत. शिवाय ती इंग्रजी उच्चारांच्या बेताने कापलेली, दुसऱ्या लिपीतून आलेल्या नावांवर ती तोकडी पडते. का तोकडी पडते, कोणत्या अक्षरांपाशी पडते, हे सांगणारी शेकडो उदाहरणं माझ्या डोक्यात होती. ती कुठल्याही पदवीधर मुलाकडे असण्याची शक्यता कमी होती.

अर्जातलं उद्दिष्टपत्र मी याच एका गोष्टीवर लिहिलं. लहानपणची वाचनाची आवड, ग्रंथालयाचा वास, ज्ञानाची गंगा यांतलं काही त्यात आलं नाही. पहिल्या परिच्छेदात नावांचा प्रश्न, दुसऱ्यात मी स्वतः लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, तो कुठे कोलमडतो, आणि तो कोलमडतो ते मला आज नीट समजून का घेता येत नाही. हा शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘मला हे येतं’ एवढंच सांगितलं तर समोरचा म्हणेल, मग इथे कशाला येतेस? ‘इथवर मी आले, इथून पुढे मला संभाव्यता आणि मशीन लर्निंग नीट शिकल्याशिवाय जाता येत नाही’ असं म्हटलं की अर्जाला कारण मिळतं. जुन्या नोकरीचा उल्लेख मग आपोआप येतो, तोही साक्षीदार म्हणून. तिला वेगळं मखर लागत नाही.

योगायोग असा की या विषयाचा आणि भाषेच्या कामाचा घरोबा जुना आहे. होअर यांना क्विकसॉर्ट सुचला तो मॉस्कोत, यंत्राने भाषांतर करण्याच्या खटपटीत. शब्दकोश चुंबकीय फितीवर वर्णक्रमाने साठवलेला. फीत पुढेमागे न पळवता एका फेरीत सगळे शब्द सापडायचे तर वाक्यातले शब्दही आधी वर्णक्रमाने लावून घेतले पाहिजेत. त्या निकडीतून ती पद्धत निघाली आणि १९६१ साली छापून आली. उलट दिशेचं उदाहरण हेन्रिएट अ‍ॅव्हराम यांचं. त्या प्रोग्रॅमर, ग्रंथपालाचं शिक्षण नाही. १९६५ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेल्या आणि मार्क नावाचा नोंदींचा साचा घडवला. जगभरच्या ग्रंथालयांत आजही त्याच साच्यात नोंदी बसतात. माझं सगळं नोकरीचं आयुष्य त्या साच्यातल्या रकान्यांमध्ये गेलं. त्यांनी ज्या बाजूने उंबरा ओलांडला, तिकडे मी निघाले होते. उद्दिष्टपत्रात मात्र होअर किंवा अ‍ॅव्हराम यांचं नाव घेतलं नाही. थोरांच्या रांगेत स्वतःला उभं करणारी पत्रं वाचायला ओशाळवाणी वाटतात.

शिफारसपत्रांची अडचण सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. आपल्याला ओळखणारे लोक वेगळ्या विषयातले, आणि संगणकशास्त्रातले लोक आपल्याला ओळखत नाहीत. सुटे विषय घेतल्याचा दुसरा फायदा इथे झाला. डेटा स्ट्रक्चर शिकवणाऱ्या सरांनी पत्र दिलं. दुसरं पत्र आमच्या विभागप्रमुख बाईंचं. ‘मेहनती, मनमिळाऊ’ असली विशेषणं टाळून त्यांनी एक घडलेली गोष्ट लिहिली: दोन संग्रह एकत्र करताना दुहेरी नोंदी कशा शोधल्या, त्यासाठी कोणता नियम मी सुचवला, त्याने किती काम वाचलं. पत्र मागायला गेले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “लिहिते, पण तू गेल्यावर ते नियम कोण सांभाळणार ते आधी सांग.”

कुठे अर्ज करायचा, यावर खूप विचार करावा लागतो आणि तो करायलाच हवा. ब्रिटनमध्ये कन्व्हर्जन एमएससी नावाचा प्रकार आहे, साधारण एका वर्षाचा, खास दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांसाठी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा एमसीआयटी किंवा नॉर्थईस्टर्नचा अलाइन हे त्याच जातीचे. जॉर्जिया टेकने २०१४ साली सुरू केलेला ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम दूर राहून करता येतो, मात्र तो पाया घालून देत नाही. पाया घेऊनच जावं लागतं. युरोपातल्या अनेक विद्यापीठांत, जर्मनीत विशेषतः, हिशेब वेगळाच असतो. गणिताचे इतके क्रेडिट, सैद्धांतिक संगणकशास्त्राचे इतके, अशी मोजणी होते, आणि बेरीज कमी पडली तर उद्दिष्टपत्र कितीही सुंदर असो, ते वाचलंच जात नाही. हे कठोर वाटतं, पण मला त्यात एक प्रामाणिकपणा दिसतो. निदान आशेला लावत नाहीत.

कन्व्हर्जन अभ्यासक्रमांबद्दल एक सावधगिरी. ते बहुतेक नोकरीच्या दिशेने आखलेले असतात; प्रबंध लिहायची सोय आहे का, संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांशी गाठ पडते का, हे आधी पाहावं. पुढे पीएचडीचा विचार असेल तर यानेच फरक पडतो. आणि मुख्य दरवाजाच ठोठावायला हवा असंही नाही. संगणकीय भाषाशास्त्र, बायोइन्फॉर्मॅटिक्स, मानव-संगणक संवाद, माहितीशास्त्र या शाखांना दुसरा विषय जाणणारी माणसं मुळातच लागतात. तिथे ‘इतर’वाल्याला खुलासा देत बसावं लागत नाही. मी दोन्हीकडे अर्ज केले. काही ठिकाणांहून दोन ओळींचा नकार आला, कारण न देता. एका ठिकाणी मुलाखत झाली.

मुलाखतीत एका प्राध्यापिकांनी विचारलं, “हा प्रश्न तुम्ही ग्रंथालयात राहूनही सोडवू शकता. तयार सॉफ्टवेअर आहेत. पदवी कशाला हवी?” मी म्हणाले की तयार सॉफ्टवेअर मला उत्तर देतं, पण ते चुकतं तेव्हा कुठे चुकलं ते सांगत नाही, ते सांगणारं काहीतरी मला बनवायचंय. त्यांनी मान डोलावली नाही. पुढचा प्रश्न विचारला: दोन शब्दांतलं लेव्हेनश्टाइन अंतर, म्हणजे एकाचा दुसरा करायला लागणारे कमीत कमी अक्षरबदल, काढायला किती वेळ लागतो? उत्तर आलं, कारण ते येण्यासाठीच मी इतके दिवस सारण्या भरल्या होत्या: दोन्ही शब्दांच्या लांबीच्या गुणाकाराइतका. मग ‘आणि जागा?’, मग ‘जागा कमी करता येईल?’. सारणीच्या शेवटच्या दोनच ओळी हाताशी ठेवून करता येते, हे फळ्यावर मांडत असताना माझ्या पदवीचा विषय काय होता ते त्या खोलीत कुणाला आठवत असेल असं वाटलं नाही. प्रवेश तिथेच मिळाला.

सोडून येण्याची जी किंमत असते तिच्याबद्दल कमी बोललं जातं. तालिकेच्या खोलीत माझ्या शब्दाला मान होता. नवीन माणसाला अडलं की तो माझ्या टेबलाशी यायचा. इथे माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान मुलगी मला डीबगर हे प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं साधन कसं वापरायचं ते दाखवते, चांगलं दाखवते, आणि तिला त्यात काही विशेष वाटत नाही. मला वाटतं. गंमत म्हणजे लाज वाटत नाही, मत्सरही नाही; वाटतं ते असं की एखाद्या गोष्टीत इतकं सहज असणं मला माहीत आहे, मी ते अनुभवलेलं आहे, आणि ते मी आपण होऊन ठेवून आले. ‘जुना अनुभव वाया जात नाही’ असं लोक म्हणतात. थोडा जातो. कोणत्या ग्रंथाची कोणती आवृत्ती खोट्या सालाने छापली गेली, हे ज्ञान मला आता कुणी विचारत नाही.

पुढच्या सत्रासाठी विषय निवडायचे आहेत. वर्गातल्या बहुतेकांचा कल वितरित प्रणालींकडे, म्हणजे अनेक संगणक एकत्र चालवण्याच्या विषयाकडे आहे, त्यात नोकऱ्या आहेत. मी संभाव्यता घेणार. फेलेगी-संटर यांच्या मूळ लेखातलं एक प्रमेय मी अजून ओळीओळीने उलगडू शकलेली नाही. त्यांनी ‘डोळ्याखालून घाला’चा गट शक्य तितका लहान ठेवता येतो असं सिद्ध केलंय, आणि तो नेमका किती लहान होतो ते मला माझ्या जुन्या नोंदींवर करून बघायचंय. विभागप्रमुख बाईंनी त्या नोंदी वापरायची परवानगी दिली आहे. अट एकच: निकाल आधी त्यांना कळवायचा.